ऋषीच्या भाजीतली यादी

लग्न होऊन मी सांगलीकडून दापोलीजवळच्या गावात आले तेव्हा सामानात टोमॅटोच्या बियांची पुडी होती. माहेरी मळा, त्यामुळे भाजी लावणं अंगवळणी पडलेलं. पहिल्याच जूनमध्ये परसात वाफा केला, रोपं लावली. जुलैभर ती नुसती फोफावली. फुलं आली, पण फळ धरेना. फूल देठातून सुटून खाली पडायचं. ऑगस्टमध्ये एका दुपारी बघते तर तीन झाडांनी माना टाकलेल्या. पान हिरवंगार, कुठे डाग नाही, माती ओलीच. दुसऱ्या दिवशी सात झाडं. आठवड्यात वाफा संपला.

गावात आलेल्या कृषी सहायकांनी एक झाड उपटलं, बुंध्याजवळ खोड कापलं आणि तो तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरला. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे बारीक पांढरे धागे पाण्यात उतरू लागले. "जिवाणूजन्य मर," ते म्हणाले. "ही मातीतून येते. औषध मारून जायची नाही."

सासूबाई ओटीवरून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगो, पावसात टोमॅटो कोण लावतं? ऋषीच्या भाजीत असतो का तो?"

पुढच्या पंधरा दिवसांत ऋषिपंचमी आली आणि त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला पातेल्यात दिसला. अळू, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, सुरण, अंबाडी, मक्याचं कणीस. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसात हाताने लावलेलं तेवढंच त्या भाजीत जातं. म्हणजे भर भाद्रपदात, अडीच महिन्यांचा पाऊस अंगावर घेऊन, कोकणातल्या परसात जे जिवंत उभं राहतं त्याचीच ही यादी. उष्ण, दमट हवेत कुठली भाजी लावावी असं मला कुणी विचारलं की मी याच यादीपासून सुरुवात करते. तुम्हीही तिथूनच करा, मग घर कोकणात असो, गोव्यात असो की मुंबईत पाचव्या मजल्यावर.

आधी इथली हवा भाजीला नक्की काय करते ते समजून घेऊ. आपण उन्हाळ्याला दोष देतो, पण किनाऱ्यावर दिवसाचं ऊन घाटावरच्यापेक्षा सौम्यच असतं. अडचण रात्रीची आहे. समुद्राजवळची रात्र थंड होत नाही. टोमॅटोला फळ धरायला रात्री गारवा लागतो. रात्रीचं तापमान साधारण 22-23 अंशांच्या वर राहू लागलं की त्याचा पराग नीट तयार होत नाही आणि फूल गळतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या रात्री 25 अंशांच्या आसपास असतात, पावसाळ्यातही फारशा उतरत नाहीत. ढोबळी मिरचीचं हेच. बटाट्याला कंद धरायलाही थंड रात्रच हवी असते. झाड वाढतं, आपण आशेवर राहतो, हाती काही लागत नाही.

दुसरी गोष्ट ओल्या पानाची. बुरशीचा कण पानावर पडून भागत नाही, तो रुजायला पान काही तास सलग ओलं राहावं लागतं. कोरड्या मुलखात पान अर्ध्या तासात वाळतं. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते वाळतच नाही. केवडा, करपा, पानावरचे ठिपके हे सगळे त्या ओलीवर जगतात.

तिसरी माती. कोकणातला जांभा आम्लधर्मी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस त्यातून धावतो आणि जाताना खत धुऊन नेतो. उताराच्या जमिनीत पाणी थांबत नाही हे बरं, पण सपाट परसात आणि कुंडीत ते थांबतं. मर रोगाच्या जिवाणूला गरम, ओली, आम्ल माती फार मानवते.

म्हणून भाजी निवडताना तिला तीन प्रश्न विचारायचे. उबदार रात्री तुला फळ धरतं का? पान ओलं राहिलं तर सोसतं का? मुळाशी पाणी आलं तर? तिन्हींना "हो" म्हणणारी भाजी पावसाळ्यात लावायची. एकाला "नाही" म्हणणारी असेल तर तिचा ऋतू वेगळा, तो शोधायचा. बियाण्याच्या पाकिटावर 'वर्षभर लागवड योग्य' असं छापलेलं असतं, त्यावर माझा आता भरवसा नाही. ते पाकीट सगळ्या देशासाठी छापलेलं असतं.

पाण्यालाच आपलं मानणारी भाजी म्हणजे अळू. जुन्या घरांमध्ये न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथेच अळू आणि केळ लावलेली दिसेल. बाकी काही जगत नाही तिथे अळू हातभर पानं काढतं. भाजीचं आणि वडीचं अळू वेगळं असतं, तेव्हा ज्यांच्या घरी खाऊन बघितलंय त्यांच्याकडूनच कंद आणा. ओहोळाकाठचं रानअळू उचलून आणू नका. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांच्यामुळे. चिंच किंवा आमसूल घालून भरपूर शिजवायचं ते त्यासाठीच.

पालेभाजीत मायाळू मला सगळ्यात भरवशाची वाटते. पालकाची पानं पावसात कुजतात, मेथी तर उगवताच बसते. मायाळूचं पान जाड, मांसल, वरून पाणी घरंगळून जातं. वीतभर काडी मातीत खोचली की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं धरते. खिडकीच्या गजावर चढते, कुंडीत राहते, चार तास ऊन मिळालं तरी पुरतं. मुंबईच्या सदनिकेत पहिल्यांदाच काही लावणाऱ्याने मायाळूच लावावी.

लाल माठ उष्णतेचा मोठा मित्र. पेरल्यापासून 25-30 दिवसांत पहिली भाजी निघते. गोव्यात तिला तांबडी भाजी म्हणतात आणि तिथल्या रोजच्या जेवणात ती असतेच. पण तिचं बी खसखशीएवढं. जोराची सर आली की वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होतं. बियात चौपट कोरडी राख मिसळून पेरा, वरून बारीक शेणखत भुरभुरवा आणि रोपं दोन पानांची होईपर्यंत वाफ्यावर नारळाच्या झावळ्या आडव्या टाका. झावळीमुळे पावसाचा मार अडतो, हवा खेळती राहते. सगळं बी एकदम पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एक पट्टा पेरलात तर ताटात खंड पडत नाही.

आता वेल. या हवेचं खरं वैभव वेलातच आहे, त्यामुळे इथे जरा सविस्तर सांगते.

शिराळी म्हणजे दोडकी, पडवळ, कारली, दुधी, भोपळा, काकडी यांना उबदार रात्र सोसतेच, नव्हे आवडते. अट एकच, वेल जमिनीवर लोळता कामा नये. मांडव हवाच. बांबू, सुपारीच्या चिरफाळ्या, वर जाळी किंवा सुतळी, आणि उंची माणसाला खालून चालता येईल इतकी. उंच मांडवाखालून वारा जातो, पान लवकर सुकतं, पडवळ लांब लोंबतं. पडवळ वाकडं होऊ लागलं तर आमच्याकडे त्याच्या टोकाला सुतळीने छोटा दगड बांधतात. चार दिवसांत ते सरळ होतं.

बी मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी घालून रुजवून घ्या. पाऊस सुरू होईल तेव्हा वेलाला पाच-सहा पानं आलेली हवीत. धो-धो पावसात टाकलेलं बी निम्मं कुजतं. आळं खड्ड्यात करायचं नाही, उंचवट्यावर करायचं. घाटावर पाणी साठावं म्हणून आळं खोलगट करतात. इथे पाणी निघून जावं म्हणून ते टोपलीएवढ्या ढिगावर. हा फरक माझ्या हातांना शिकायला दोन पावसाळे लागले.

फुलांबद्दल एक गोष्ट ठाऊक नसल्याने कितीतरी लोक चांगला वेल उपटून टाकतात. या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात आणि सुरुवातीची फुलं बहुतेक नरच असतात. ती गळणारच. मादी फुलाखाली बोटाच्या पेराएवढं इवलं फळ दिसतं, ते आल्यावर मोजणी सुरू करा. पावसाची झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा हे काम आपल्या बोटांनी करावं लागतं. नर फूल तोडा, पाकळ्या सोला, मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. वेळ मात्र ओळखायला हवी. भोपळा, काकडी आणि कारली सकाळी लवकर उमलतात. शिराळं संध्याकाळी उमलतं, दिवे लागायच्या सुमाराला, आणि दुधी, पडवळही अंधार पडताना. पडवळाचं पांढरं झालरीचं फूल एकदा संध्याकाळी मांडवाखाली उभं राहून बघाच. सकाळी दहा वाजता शिराळ्याच्या फुलाशी खटपट करून काही मिळत नाही, तोवर ते मिटलेलं असतं.

फळमाशी हा वेलांचा मोठा शत्रू. कोवळ्या फळात ती अंडी घालते, फळ वाकडं होतं, आतून सडतं. करंगळीएवढं फळ असतानाच त्याला कागदाची किंवा जुन्या साडीच्या तुकड्याची पिशवी बांधा; घरच्या दोन-तीन वेलांना यापेक्षा चांगला उपाय नाही. जास्त वेल असतील तर क्यू-ल्यूरचा गंधसापळा टांगा. सडकी फळं परसात पडू देऊ नका, उचलून खोल पुरा.

वाणाची निवड करताना आपल्याच हवेत तयार झालेला वाण आधी बघावा. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ 1972 साली स्थापन झालं. कारल्याचा 'कोकण तारा', शिराळ्याचा 'कोकण हरिता' हे त्याचे वाण. बी मागताना नुसतं "चांगलं बी द्या" म्हणू नका, वाणाचं नाव घेऊन मागा.

तोंडलीचा वेल बियांनी लावायचा नसतो. नर आणि मादी वेल वेगळे असतात, म्हणून भरपूर फळणाऱ्या वेलाची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी आणून लावायची. एकदा रुजली की वर्षानुवर्षं घरातली तोंडली संपत नाहीत. फार पसरली तर पावसाआधी छाटायची.

भेंडी ऋषीच्या भाजीत आहे, पण तिला मुळाशी पाणी चालत नाही, म्हणून वरंब्यावर लावा. बी रात्रभर भिजवा, 45-50 दिवसांत तोडणी सुरू होते. पानाच्या शिरा पिवळ्या पडून सगळं पान पिवळं होतं तो रोग पांढरी माशी पसरवते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' आणि बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का अनामिका' हे वाण या रोगाला तोंड देणारे म्हणून काढलेले. रोग अजिबात येणार नाही असं नव्हे, पण साध्या वाणापेक्षा झाड जास्त दिवस टिकतं. गोव्यात सात शिरांची लांब भेंडी पिढ्यान् पिढ्या चालत आलीये आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. तुमच्या गावात अशी जुनी गावठी भेंडी कुणाकडे असेल तर आधी तिचं बी मागून आणा. इतकी वर्षं पाऊस सोसून राहिलेलं बी दुकानात मिळत नाही.

कंदांकडे नव्या लोकांचं लक्ष जात नाही, याचं मला वाईट वाटतं. सुरण, कोनफळ, कणगी, करांदे. मेमध्ये लावायचे आणि विसरून जायचं. वर पान खराब झालं, गोगलगायींनी खाल्लं तरी खाली काम चालू असतं. सात-आठ महिन्यांनी सुरणाचं झाड पिवळं पडून आडवं झालं की काढायचा. घरी 'गजेंद्र' जातीचा लावा, तो खाजरा नाही. ज्यांना रोज परसात वेळ देता येत नाही, जे शनिवार-रविवारीच गावी येतात, त्यांनी बाकी सगळं सोडून कंद लावावेत.

वांगं आणि मिरची लावल्यावाचून कुणाचं समाधान होत नाही, माझंही नाही. पण ही दोन्ही टोमॅटोच्याच घराण्यातली, मर रोग तिघांनाही धरतो. एकदा एका जागी मर आली की त्या वाफ्यात पुढची तीन वर्षं या घराण्यातलं काही लावू नका. तिथे मका किंवा चवळी घ्या. वांग्यात 'अर्का निधी', 'अर्का केशव', 'अर्का नीलकंठ' हे मर सोसणारे वाण आहेत. केरळची हवा आणि माती आपल्यासारखीच, तिथल्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'उज्ज्वला' मिरची आणि 'शक्ती' टोमॅटो याच रोगासाठी निवडलेले. 'अर्का रक्षक' हा संकरित टोमॅटो मर, पर्णगुच्छ आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना बऱ्यापैकी तोंड देतो. तरीसुद्धा टोमॅटो पावसात नकोच. वाण रोगाला अडवील, पण उबदार रात्रीला कसा अडवणार?

टोमॅटोचा ऋतू भातकापणीनंतरचा. दसरा झाला की रोपं तयार करायची आणि नोव्हेंबरात लावायची. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावरही रात्र 18-19 अंशांपर्यंत उतरते, तेवढ्यात फळ धरून होतं. सांगलीहून आणलेल्या पुडीतलं उरलेलं बी मी त्याच वर्षी नोव्हेंबरात, परसाच्या दुसऱ्या टोकाला टाकलं. फेब्रुवारीत घरच्या टोमॅटोचं सार झालं, सासूबाईंनी दोन वाट्या घेतलं.

हाच काळ कोबी, नवलकोल, मुळा, कोथिंबीर, मेथी यांचा. भाताच्या मळ्यात उरलेल्या ओलीवर वाल, पावटा टाकायचा तोही याच वेळी; गावठी वालाला दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही, तेव्हा जूनमध्ये लावून नुसता पाला मिळतो. अलिबागचा पांढरा कांदाही असाच, भात निघाल्यावर रिकाम्या झालेल्या शेतात येतो. फुलकोबी लावायची तर लवकर येणारीच जात घ्या. मटार, बीट, गाजर, ब्रोकोली यांच्यासाठी आपली थंडी फार थोडे दिवस टिकते. हौस म्हणून चार झाडं लावा, जेवण त्यांच्यावर अवलंबून ठेवू नका.

फेब्रुवारी ते मे हा तिसरा ऋतू, तिथे प्रश्न विहिरीचा. पाणी मार्चअखेर टिकत असेल तर भेंडी, गवार, चवळी, काकडी. गवारीला कोरडी हवा आवडते, पावसात ती कुजते, म्हणून तिचे हेच दिवस. चवळी मात्र दोन्ही ऋतूंत चालते, मातीला नत्र देते आणि शेंगा लांबसडक देते. मावा पडला तर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊन काढा. शेवगा याच काळात छाटून घ्यावा. तो कुंपणावर, उंच, पाणी न साचणाऱ्या जागी.

मातीबद्दल थोडं, कारण निवड बरोबर असूनही भाजी मातीत मार खाते. गादीवाफा वीतभर उंच, मीटरभर रुंद, मध्ये चर, आणि चराला बाहेर जायला वाट. वाट नसलेला चर म्हणजे डबकं. लागवडीआधी पंधरा दिवस माती परीक्षणाप्रमाणे चुना मिसळा. ते जमलं नाही तर चुलीची राख थोडी-थोडी. खत एकदम घालाल तर पहिल्या झडीत ओढ्याला जाईल, म्हणून दर पंधरा दिवसांनी मूठभर. झाडांमध्ये अंतर पाकिटावर लिहिलेल्याच्या सव्वापट ठेवा, म्हणजे दोन झाडांतून वारा वाहील. मातीला टेकणारी खालची पानं काढून टाका, कारण पावसाच्या थेंबाबरोबर मातीतली बुरशी आधी तिथेच उडते. कुंडी असेल तर तिच्या तळाची भोकं जुलैमध्ये दर आठवड्याला काडी घालून बघा, मुळांनी नाहीतर मातीने ती बुजलेली असतात. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून ठेवा.

सगळं पहिल्याच वर्षी करू नका. एक वेल, एक पालेभाजी, एक कंद, एवढंच पहिल्या पावसाळ्यात. मी नव्या माणसाला शिराळं, मायाळू आणि सुरण सांगते. या तिघांना एकमेकांची जागा लागत नाही: शिराळं वर, मायाळू कुंपणाला, सुरण कोपऱ्यात जमिनीखाली.

आणि गणपती झाले की मांडवावरचं सगळ्यात सरळ, सगळ्यात निरोगी शिराळं तोडू नका. त्याच्या देठाला लाल धागा बांधा म्हणजे घरातलं कुणी भाजीला काढणार नाही. दिवाळीपर्यंत ते वेलावरच वाळून तपकिरी होतं, हलवलं की आत बिया खुळखुळतात. खालच्या टोकाचं झाकण मोडून बिया कागदावर झाडा, दोन दिवस सावलीत वाळवा. आमच्याकडे पूर्वी बी शेणात थापून भिंतीला लावत किंवा राखेत घालून चुलीच्या धुरावर टांगत, कारण उघडं बी या हवेत दोन महिन्यांत ओल धरतं. आता घट्ट झाकणाचा डबा चालतो, मात्र तळाशी दोन बोटं कोरडी राख हवी. वर चिठ्ठीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहून डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत.